मेल लॅपटॉपवर उघडतं, फोनवर उघडत नाही : एन्क्रिप्शनमध्ये नेमकं अडतंय कुठे?

निरंजना_के
नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे.

एका दुर्धर आजाराच्या रुग्णांसाठी आमचा मदतगट आहे आणि त्याचा पत्रव्यवहार मी सांभाळते. लोक रिपोर्ट पाठवतात, औषधांबद्दल विचारतात. घरच्यांनाही सांगितलेलं नसतं असं बरंच काही लिहितात. म्हणून सगळा पत्रव्यवहार ओपनपीजीपीने (मेल कुलूपबंद करण्याच्या मानक पद्धतीने) एन्क्रिप्ट करूनच करायचा असं आम्ही ठरवलं आणि पाळलंही.

माझ्या जुन्या आरएसए कीची मुदत संपत आली होती. त्याच सुमारास लॅपटॉपही बदलला. नव्या लॅपटॉपवर ग्नूपीजी २.४ (ओपनपीजीपीचं सॉफ्टवेअर) आहे, त्यात नवी की बनवली. पब्लिक की (जिने लोक मला पाठवायचं मेल बंद करतात ती) सगळ्यांना पाठवली आणि प्रायव्हेट की (जिने ते उघडतं ती) केबलने फोनवर नेऊन तिथल्या ॲपमध्ये इम्पोर्ट केली. लॅपटॉपवर क्लॉज मेल हा मेल प्रोग्राम वापरते, तिथे सगळं व्यवस्थित उघडतं.

फोनवर मात्र काही मेल उघडतात, काही उघडत नाहीत. न उघडणाऱ्या मेलला पासफ्रेज विचारला जातो, तो बरोबर दिला तरी 'डेटा वाचता आला नाही' एवढंच येतं. फोनवरून स्वतःलाच पाठवलेलं मेल उघडतं. ॲप काढून पुन्हा टाकलं, की पुन्हा इम्पोर्ट केली, फरक नाही. रात्री-अपरात्री कोणी घाबरून लिहिलं तर ते मी फोनवरच बघते, म्हणून फोन चालू होणं फार गरजेचं आहे.

टकळी
फोनवर फक्त पब्लिक की गेली असेल. एक्सपोर्ट करताना बऱ्याचदा तसंच होतं.

निरंजना_के
@टकळी, तसं असतं तर एकही मेल उघडलं नसतं ना? काही उघडतात. ॲपमध्ये कीसमोर प्रायव्हेट कीची खूणही दिसते.

शून्यप्रहर
फोन आणि लॅपटॉपची घड्याळं ताडून बघा. हसू नका, हे खरंच होतं. नवी की बनवताना लॅपटॉपचं घड्याळ पुढे असेल, तर दुसऱ्या उपकरणाच्या दृष्टीने ती की भविष्यात जन्मलेली असते. ग्नूपीजी अशा वेळी चक्क 'टाइम वॉर्प किंवा घड्याळाचा घोटाळा' असा संदेश देतं आणि ती की वापरत नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास घडतं, कारण विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ.

निरंजना_के
घड्याळं जुळतात. की बनवली त्या दिवशीची तारीख-वेळही बरोबर नोंदलेली आहे.

मधली_सुट्टी
धागा पळवत नाही, पण विषय निघालाच आहे तर माझंही विचारून घेते. मी सर्व्हरवर एसएसएचने (दुरून) लॉगिन करून जीपीजी, म्हणजे ग्नूपीजीची कमांड, चालवते. साइन करायला गेलं की 'इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस' येतं आणि पासफ्रेज विचारलाच जात नाही.

शून्यप्रहर
@मधली_सुट्टी, पासफ्रेज विचारणारा छोटा प्रोग्राम वेगळा असतो, त्याला पिनएंट्री म्हणतात. प्रश्न कुठल्या टर्मिनलवर दाखवायचा हे त्याला कळत नाहीये. शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये 'जीपीजी_टीटीवाय' या व्हेरिएबलला 'टीटीवाय' कमांडचं उत्तर द्यायचं आणि ते एक्सपोर्ट करायचं. मग 'जीपीजीकॉन्फ'ला सांगून एजंट (पासफ्रेज काही वेळ लक्षात ठेवणारा प्रोग्राम) बंद करा, पुढच्या वेळी तो आपोआप नव्याने सुरू होतो. सर्व्हरवर खिडकी उघडणारी पिनएंट्री बसवलेली असेल तर एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'कर्सेस'वाली लावा, ती टर्मिनलमध्येच चौकट दाखवते.

मधली_सुट्टी
झालं! किती दिवस हा काटा सलत होता. मनापासून आभार. आता माझा पासफ्रेज दर दहा मिनिटांनी पुन्हा विचारतोय, ते ठीक आहे ना?

शून्यप्रहर
ठीक आहे. मुळात ६०० सेकंदच ठरलेले असतात, प्रत्येक वापरानंतर ते नव्याने मोजले जातात, आणि कितीही वापरलं तरी ७२०० सेकंदांनी पासफ्रेज पुन्हा द्यावाच लागतो. एजंटच्या कॉन्फिगमध्ये दोन्ही आकडे बदलता येतात. सर्व्हरवर आहात तर वाढवू नका, असं माझं मत.

गवाक्ष
निरंजनाताई, लॅपटॉपवर कधी थंडरबर्ड वापरलं होतं का? विचारण्याचं कारण असं.

थंडरबर्डमध्ये पूर्वी एनिगमेल नावाचं एक्स्टेन्शन टाकावं लागायचं आणि ते ग्नूपीजीच्याच किया वापरायचं. २०२० मध्ये थंडरबर्डची ७८ ही आवृत्ती आली, एन्क्रिप्शन आतच आलं आणि एनिगमेल गेलं. आत आलेलं एन्क्रिप्शन आरएनपी या वेगळ्या लायब्ररीवर चालतं आणि त्याचा किल्ल्यांचा जुडगा स्वतंत्र असतो. ग्नूपीजीत की बदलली तर थंडरबर्डला पत्ता नसतो, थंडरबर्डमध्ये नवी बनवली तर ग्नूपीजीला नसतो. लोक कमांड लाइनवर कीची मुदत वाढवतात, थंडरबर्ड तरीही 'की एक्स्पायर्ड' म्हणतं आणि लोक डोकं धरून बसतात. वाढवलेली की पुन्हा एक्सपोर्ट करून थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट करायची, की प्रश्न संपतो.

थंडरबर्डवाल्यांसाठी आणखी एक. तिथल्या प्रायव्हेट कीला प्रोग्राम स्वतःच एक पासवर्ड लावतो आणि तो त्याच प्रोफाइलमध्ये ठेवतो. सेटिंगमध्ये प्रायमरी पासवर्ड लावला नसेल तर प्रोफाइलचं फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती कीसुद्धा पडते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी तरी हे तपासाच.

निरंजना_के
@गवाक्ष, थंडरबर्ड कधीच नव्हतं. पण आमच्या गटातले बरेच जण तेच वापरतात, त्यांना प्रायमरी पासवर्डचं आजच कळवते. ही माहिती फार मोलाची आहे.

दगडूशास्त्री
स्पष्टच बोलतो. हा सगळा उपद्व्याप सोडा आणि सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा. १९९१ मध्ये फिल झिमरमनने पीजीपी, म्हणजे ओपनपीजीपीचं मूळ, लोकांसमोर ठेवलं, त्याला तीन दशकांहून जास्त काळ लोटला, आणि सामान्य माणसाला अजूनही ते नीट वापरता येत नाही. १९९९ मध्ये व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी १२ जणांना पीजीपी ५.० देऊन ९० मिनिटं बसवलं होतं. बरोबर साइन आणि एन्क्रिप्ट करून मेल पाठवणं जेमतेम एक तृतीयांश लोकांना जमलं, आणि तिघांनी गुपित चुकून उघडंच पाठवून दिलं. शिवाय पीजीपीत आज की चोरीला गेली तर साठवलेली सगळी जुनी मेलं वाचता येतात. सिग्नलमध्ये किया सतत बदलत राहतात, तो धोका पुष्कळ कमी. रुग्णांची माहिती आहे म्हणता, मग असला धोका कशाला घ्यायचा?

निरंजना_के
@दगडूशास्त्री, तुमचा मुद्दा टाळत नाही, त्यावर आमच्या गटात बराच विचार झाला आहे. सिग्नलच्या खात्याला फोन नंबर लागतो, आणि लिहिणाऱ्यांपैकी काहींचा फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात असतो. फोन वाजला, स्क्रीनवर काही दिसलं, तरी त्यांना अडचण होते. मेल ते कॉम्प्युटरवर, निवांत वेळ बघून लिहितात. लांब लिहितात, जुने रिपोर्ट जोडतात, वर्षभराने मागचं पत्र काढून पुन्हा त्यावर बोलतात. त्या माणसांना जे जमतं तेच सुरक्षित करून देणं हे माझं काम आहे, असं मी मानते.

ओंजळ
+१ निरंजना. मला वाटतं साधन माणसाकडे बघून ठरवावं. पण शास्त्रीबुवांचा जुन्या मेलचा मुद्दा खरा आहे. लागत नाहीत ती पत्रं सर्व्हरवरून काढून एन्क्रिप्टेड डिस्कवर ठेवणं, एवढं तरी करता येईल.

दगडूशास्त्री
फोन दुसऱ्याच्या हातात असतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या बाबतीत मेलच योग्य. माझं सर्वसाधारण मत मात्र कायम आहे.

तिरकी_रेघ
मूळ प्रश्नाकडे येतो. मेल वाटेत बदललं जात असेल. काही ऑफिसांचे मेल सर्व्हर पीजीपी/माइम (एन्क्रिप्टेड मेलची ठरलेली मांडणी) मेलची रचनाच मोडतात. बाहेरच्या वेष्टनावर 'मल्टिपार्ट/एन्क्रिप्टेड' असायला हवं, तिथे 'मल्टिपार्ट/मिक्स्ड' होऊन येतं, आणि मेल प्रोग्रामला हे एन्क्रिप्टेड आहे हेच कळत नाही. काही सर्व्हर तळाला 'हा संदेश गोपनीय आहे' छापाची पुरवणी चिकटवतात, तेवढ्यानेही सही मोडू शकते. न उघडणाऱ्या मेलचा सोर्स बघा आणि वरची कंटेंट-टाइपची ओळ इथे टाका. मजकूर टाकू नका.

निरंजना_के
सोर्स बघितला. उघडणारं आणि न उघडणारं, दोन्हींमध्ये 'मल्टिपार्ट/एन्क्रिप्टेड' असंच आहे.

शोधता शोधता एक विचित्र गोष्ट दिसली. आमच्या गटातला एक जण नियमित लिहितो, त्याचीही की नवी आणि ग्नूपीजीही नवं. त्याने फक्त मला पाठवलेली मेलं फोनवर उघडत नाहीत. त्यानेच मला आणि गटातल्या इतर चौघांना मिळून पाठवलेली मेलं मात्र उघडतात! माणूस तोच, मशीन तेच, माझी की तीच.

तिरकी_रेघ
मग सर्व्हर निर्दोष. माझा अंदाज मागे.

टकळी
एका माणसाला पाठवलेलं उघडत नाही आणि पाच जणांना पाठवलेलं उघडतं? हे तर उलटंच झालं. गुपित जितक्या जास्त लोकांना सांगाल तितकं तुम्हाला कळेल, असा हिशोब. :)

अवधान
थांबा. तो पाच जणांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, मला वाटतं सगळं उत्तर त्यातच आहे.

निरंजना, न उघडणारं एक मेल लॅपटॉपवर घ्या. त्यातला एन्क्रिप्टेड भाग फाइल म्हणून साठवा आणि जीपीजीला 'लिस्ट-पॅकेट्स' हा पर्याय देऊन ती फाइल दाखवा. उघडणाऱ्या मेलचंही तसंच करा. पासफ्रेज विचारेल, तो द्या. 'पबकी एन्क्रिप्टेड पॅकेट'च्या ओळी दोन्हीकडे असतील. त्यांच्यानंतर येणारी 'एन्क्रिप्टेड' शब्दाची ओळ तेवढी इथे लिहा, बाकी काही नको. आणि लॅपटॉपवर तुमची की 'एडिट-की'मध्ये उघडून 'शोप्रेफ' टाइप करा (कीवर कुठल्या पद्धती चालतात याच्या नोंदी दिसतात), काय दिसतं ते सांगा.

सगळ्यांनाच सांगतो, मदत मागताना इथे किंवा कुठेही प्रायव्हेट की चिकटवू नका. मदत करणाऱ्याला तिची कधीच गरज नसते. कोणी मागितली तर तो धागा सोडून निघून या.

निरंजना_के
केलं.

उघडणाऱ्या मेलमध्ये 'एन्क्रिप्टेड डेटा पॅकेट' आहे आणि त्याखाली 'एमडीसी_मेथड: २'.
न उघडणाऱ्यात 'एईएडी एन्क्रिप्टेड पॅकेट: सायफर=९ एईएडी=२' असं आहे.
शोप्रेफमध्ये सायफर, डायजेस्ट, कॉम्प्रेशन या ओळी आहेत. शिवाय 'एईएडी: ओसीबी' अशी ओळ आहे आणि फीचर्समध्ये 'एमडीसी, एईएडी' आहे.

अवधान
सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न पुढे अनेकांना येणार आहे.

ओपनपीजीपी मेलमध्ये मजकूर एका यादृच्छिक सेशन कीने बंद केलेला असतो, आणि ती सेशन की प्रत्येक प्राप्तकर्त्याच्या पब्लिक कीने वेगवेगळी बंद केलेली असते. मजकूर बंद करण्याची नेहमीची पद्धत म्हणजे तुम्हाला दिसलेली एमडीसीवाली. मजकुरात कोणी ढवळाढवळ केली तर एमडीसीमुळे कळतं. ती २००७ च्या आरएफसी ४८८० या मानकात आहे आणि आज वापरात असलेलं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर ती वाचतं.

ग्नूपीजीने २.३ पासून दुसरी पद्धत आणली, ओसीबी. ती मजकूर बंद करणं आणि ढवळाढवळ ओळखणं एकाच झटक्यात करते, अशा पद्धतींना एईएडी म्हणतात. ती पॅकेट क्रमांक २० मध्ये जाते. आरएफसी ४८८० मध्ये हे पॅकेट नव्हतंच, त्यामुळे अनेक ॲप्सना ते ओळखू येत नाही. तुमचं फोनवरचं ॲप त्यातलंच दिसतंय. सेशन की त्याला मिळते, म्हणून पासफ्रेज विचारतं. आतलं पॅकेट बघितलं की मात्र हात टेकतं.

आता हे पॅकेट वापरायचं हे ठरवतं कोण? तुमची पब्लिक की! ग्नूपीजी २.३ किंवा पुढच्या आवृत्तीत की बनवली की तिच्यावर 'मला ओसीबी चालेल' अशी नोंद आपोआप होते, तीच तुम्हाला शोप्रेफमध्ये दिसली. पाठवणाऱ्याचं ग्नूपीजी सगळ्या प्राप्तकर्त्यांच्या किया बघतं, मेल स्वतःलाही एन्क्रिप्ट होत असेल तर त्याची स्वतःचीही. सगळ्यांवर ती नोंद असेल तरच ओसीबी वापरतं. एकाचीही की जुनी असली की जुनी पद्धत. त्या चौघांपैकी कोणाची तरी की जुनी आहे, म्हणून ती सामुदायिक मेलं फोनवर उघडतात.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं झालंय. नोंद तुमच्या पब्लिक कीवर, निर्णय पाठवणाऱ्याच्या मशीनवर आणि बिघाड दिसतो फोनवर. फोनवर ॲप कितीही वेळा काढून घातलं तरी काही होणार नव्हतं.

गवाक्ष
वा! वाचनखूण साठवली.

निरंजना_के
अवधान, काय बोलू. हे मला कधीच सापडलं नसतं. आता करायचं काय?

अवधान
लॅपटॉपवर 'एडिट-की'मध्ये की उघडा. 'सेटप्रेफ' लिहून पुढे हवे ते अल्गोरिदम टाका : एईएस २५६, १९२ आणि साधं एईएस, मग शा ५१२, ३८४, २५६, २२४, मग झीलिब, बीझिप२, झिप. ओसीबी लिहायचं नाही. 'प्रेफरन्सेस खरंच बदलायच्या का' असं विचारेल, हो म्हणा. पासफ्रेज द्या आणि 'सेव्ह' करा. पुन्हा उघडून शोप्रेफ बघा. एईएडीची ओळ गेलेली दिसली आणि फीचर्समधूनही ते नाव गेलं, तर काम झालं.

यानंतरची पायरी लोक विसरतात. बदल तुमच्या लॅपटॉपवरच्या कीवर झाला. पाठवणाऱ्यांकडे अजून जुनीच प्रत आहे आणि त्यांचं ग्नूपीजी तीच बघणार. पब्लिक की नव्याने एक्सपोर्ट करून सगळ्यांना पाठवा, त्यांनी ती पुन्हा इम्पोर्ट करायची. जुनी काढायची गरज नाही, नवी नोंद जुनीत आपोआप मिसळते. फिंगरप्रिंट (की ओळखण्याचा तिचा खास क्रमांक) बदलत नाही, त्यामुळे ज्यांनी तुमची की फोनवर बोलून पडताळली होती त्यांना पुन्हा पडताळावी लागणार नाही.

पाणवठा
माझा याला विरोध आहे. ओसीबी ही नवी आणि जास्त चांगली पद्धत. फोनचं ॲप मागे पडलंय म्हणून आपली कीच मागे न्यायची? ॲप बदला. रुग्णांच्या माहितीला तर उत्तमच सुरक्षा हवी.

अवधान
@पाणवठा, काळजी रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. एमडीसी जुनं आहे, पण मोडलेलं नाही. २०१८ मध्ये ईफेल नावाचे हल्ले उघड झाले. त्यात एन्क्रिप्टेड मजकुराभोवती किंवा मजकुरातच एचटीएमएल घुसवून, उघडलेला मजकूर बाहेरच्या सर्व्हरकडे पळवता येत होता. पीजीपीच्या बाबतीत मुख्य दुखणं हे होतं की काही मेल प्रोग्राम एमडीसीचा इशारा आला तरी मजकूर दाखवत होते. इशारा पाळणारा आणि बाहेरची चित्रं आपोआप न आणणारा प्रोग्राम असेल, तर एमडीसी पुरेसं आहे. शिवाय पॅकेट २० हे सगळ्यांनी मान्य केलेलं नवं मानक असतं, तर मीही 'ॲप बदला' म्हटलं असतं. ते तसं नाही.

कोरा_कागद
हेच सांगायला आलो होतो. २०२४ च्या जुलैमध्ये आरएफसी ९५८० आलं, आरएफसी ४८८० च्या जागी. त्यातही एईएडी आहे, पण वेगळ्या पॅकेटमध्ये, आणि क्रमांक २० नुसता राखून ठेवला आहे. ग्नूपीजीने ते मानक न स्वीकारता लिब्रेपीजीपी नावाची वेगळी वाट धरली, त्यात पॅकेट २० आहे. म्हणजे आज एकाच नावाखाली दोन फाटे आहेत. दोन्हीकडची माणसं हुशार आणि प्रामाणिक आहेत, पण मधे अडकलाय निरंजनाताईंसारखा वापरणारा, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान कीच्या नोंदींबाबत तरी सगळ्यांनी एकमेकांना वाचता येईल अशी पद्धत मूळ ठेवायला हवी होती.

पाणवठा
हे दोन फाटे मला माहीत नव्हते. मग मी अवधानशी सहमत. जे सगळीकडे उघडतं तेच ठेवा.

ओंजळ
नवी पब्लिक की प्रत्येकाला मेलने पाठवण्यापेक्षा कीसर्व्हरवर, म्हणजे पब्लिक किया शोधता येतात त्या सर्व्हरवर, टाकली तर?

शून्यप्रहर
टाका, पण कुठला सर्व्हर ते बघा. जुन्या कीसर्व्हरांवर कोणीही कोणाच्याही कीला सह्या ('ही की याचीच' अशा ग्वाह्या) चिकटवू शकत होतं. २०१९ मध्ये काही ओळखीच्या कियांवर इतक्या सह्या लादल्या गेल्या की त्या इम्पोर्ट करताना ग्नूपीजी गुदमरायचं. म्हणून आता ते सर्व्हरवरून आलेल्या इतरांच्या सह्या आपणहून घेत नाही. त्याच वर्षी कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ओआरजी सुरू झाला, तो दुसऱ्यांच्या अशा सह्या वाटत नाही आणि ई-मेल पत्ता पडताळल्याशिवाय कीसोबत नाव-पत्ताही देत नाही.

त्यातली गोम अशी की की अपलोड केली आणि पडताळणीच्या मेलमधली लिंक दाबली नाही, तर पत्त्यावरून शोधणाऱ्याला की सापडतच नाही. फिंगरप्रिंटने शोधणाऱ्याला सापडते, पण नावाशिवाय, आणि पहिल्यांदाच घेणाऱ्याचं ग्नूपीजी 'युजर आयडी नाही' म्हणून ती परत करतं. 'अपलोड केली तरी कोणाला मिळत नाही' अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो.

कावळा_चिमणी
माझं दुखणं वेगळं आहे, एस/माइमचं (प्रमाणपत्रांवर चालणारी मेल एन्क्रिप्शनची दुसरी पद्धत). लिनक्सवर ओपनएसएसएल ३ ने पी१२ फाइल बनवली, प्रमाणपत्र आणि प्रायव्हेट की एकत्र. मॅकच्या कीचेनमध्ये इम्पोर्ट करायला गेलो तर पासवर्ड चुकीचा म्हणतं. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, लिनक्सवर तीच फाइल तोच पासवर्ड देऊन उघडते.

कोरा_कागद
@कावळा_चिमणी, पासवर्डचा दोष नाही. ओपनएसएसएल ३ ने पी१२ साठी नवे अल्गोरिदम घेतले, ते समोरच्याला कळत नाहीत आणि तो दोष पासवर्डवर ढकलतो. फाइल बनवताना 'लेगसी' हा पर्याय जोडा, इम्पोर्ट होईल. ती फाइल जुन्या, कमकुवत पद्धतीने बंद झालेली असते, तेव्हा काम झाल्यावर लगेच पुसून टाका. आणि प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं तरी जुनी प्रायव्हेट की फेकू नका. जुनी मेलं तिनेच उघडतात.

कावळा_चिमणी
लेगसीने चाललं! संदेशात पासवर्ड म्हटलं की माणूस पासवर्डच तपासत बसतो हो. धन्यवाद.

निरंजना_के
सेटप्रेफ केलं, शोप्रेफमध्ये एईएडी कुठेच नाही. नवी पब्लिक की गटात सगळ्यांना पाठवली आणि कीसर्व्हरवर टाकून लिंकही दाबली. त्या सहकाऱ्याने इम्पोर्ट करून एक ओळीचं मेल फक्त मला पाठवलं : 'ताई, दिसतंय का?' फोनवर दिसलं. फार फार बरं वाटलं.

दोन प्रश्न उरलेत. आधी आलेली ओसीबीवाली मेलं फोनवर कधीच उघडणार नाहीत ना? आणि जुन्या आरएसए कीची मुदत आता संपली, ती काढून टाकू का?

अवधान
ती मेलं ज्या पद्धतीने बंद झाली त्याच पद्धतीत राहणार, फोनसाठी काही करता येणार नाही. त्यातली फोनवर हवीच असतील ती लॅपटॉपवर उघडून स्वतःलाच पुन्हा एन्क्रिप्ट करून पाठवा. नोंद बदललेली असल्यामुळे आता ती जुन्या पद्धतीने जातील.

जुनी की अजिबात काढू नका. मुदत संपली याचा अर्थ त्या कीला कोणी नवं मेल एन्क्रिप्ट करणार नाही. आलेलं मेल मात्र मुदतीनंतरही त्या प्रायव्हेट कीनेच उघडतं. ती काढलीत तर इतक्या वर्षांची पत्रं कायमची बंद होतील. दोन्ही प्रायव्हेट कियांचा बॅकअप लॅपटॉपबाहेर ठेवा. नवी की बनली तेव्हा ग्नूपीजीने 'ओपनपीजीपी-रिव्होक्स' नावाच्या फोल्डरमध्ये ती रद्द करण्याचं प्रमाणपत्रही बनवून ठेवलंय, त्याचीही प्रत घ्या, पण बॅकअपपासून वेगळ्या जागी ठेवा.

निरंजना_के
प्रती आजच काढते. आणि गटात ज्यांनी गेल्या काही महिन्यांत नव्या किया बनवल्या त्यांचं शोप्रेफही मीच त्यांच्यासोबत बसून बघणार आहे. त्यातली निम्मी मंडळी फोनवरच मेल वाचतात.

मधली_सुट्टी
त्यांच्यापैकी कोणाचं पिनएंट्रीवर अडलं तर मला हाक मारा, आता मला येतं.